‘नो प्रिझर्वेटिव्ह’ लिहिलंय म्हणून काय झालं?

पुण्यात सध्या काहीही खायचं विकायचं असेल तर ‘होममेड’ आणि ‘नो प्रिझर्वेटिव्ह’ एवढं लिहिलं की झालं, दीडपट भाव लावा, लोक घेतात. लोणची, चटण्या, क्रश, लाडू, आलं-लसूण पेस्ट, परवा तर एका ठिकाणी मिठाच्या पाकिटावर पण बघितलं. मिठाला प्रिझर्वेटिव्ह कशाला लागेल बाबा, मीठच प्रिझर्वेटिव्ह आहे!

हे मी गमतीत म्हणत नाहीये. आपल्याकडच्या फूड सेफ्टीच्या नियमांमध्ये प्रिझर्वेटिव्हचे दोन वर्ग आहेत. पहिल्या वर्गात मीठ, साखर, व्हिनेगर, मध, मसाले, खाद्यतेल, म्हणजे आपल्या आजीची अख्खी मांडणी. दुसऱ्या वर्गात सोडियम बेंझोएट, पोटॅशियम सॉर्बेट, सल्फाइट, नायट्राइट वगैरे मंडळी. पहिल्या वर्गातलं कितीही घाला, मर्यादा दुसऱ्यालाच. आणि आपण घाबरतो पण दुसऱ्यालाच, पहिल्याला ‘पारंपरिक’ म्हणून कौतुकाने वाटीत घेतो.

आता लोणच्याचंच घ्या. विकतच्या लोणच्यात बेंझोएट घालायची मर्यादा आहे किलोला २५० मिलीग्रॅम. जेवताना दोन चमचे, धरा २० ग्रॅम लोणचं घेतलं, तर जास्तीत जास्त ५ मिलीग्रॅम बेंझोएट पोटात गेलं. साठ किलोच्या माणसाला दिवसाला ३०० मिलीग्रॅमपर्यंत चालतं, हे जुन्या कडक हिशोबाने, वजनाच्या किलोमागे ५ मिलीग्रॅम धरून. जागतिक तज्ञ समितीने तर २०२१ मध्ये ती मर्यादा ५ वरून २० केली. आणि त्याच दोन चमच्यांत मीठ किती? लोणच्यात दहा-बारा टक्के मीठ सहज असतं, घरच्यात तर अजून थोडं जास्तच, कारण त्यावरच ते टिकतं. म्हणजे दोन-अडीच ग्रॅम मीठ झालं. डब्ल्यूएचओ म्हणतं अख्ख्या दिवसात ५ ग्रॅमच्या आत राहा. म्हणजे दिवसाचं अर्धं मीठ ताटाच्या डाव्या बाजूलाच संपलं, पापड आणि आमटी अजून यायचीये. बीपीची गोळी घेणारे काका ‘आमच्याकडे घरचंच लोणचं, केमिकल नाही’ म्हणत तिसरी फोड घेतात तेव्हा काय बोलावं कळत नाही.

लोणचं खाऊ नका असं मी मुळीच म्हणत नाहीये हं. मंडईत कैऱ्या फोडून घेताना तो अडकित्त्याचा खटखट आवाज ऐकला की मलाही राहवत नाही. पण घाबरायचंच असेल तर निदान योग्य गोष्टीला घाबरा.

मी काही फूड टेक्नॉलॉजी शिकलेली नाही. नवऱ्याला दमा आहे, त्यामुळे लेबल वाचायची सवय लागली. आणि लेबल वाचायला लागल्यावर माझी गोची अशी झाली की पाकिटातल्या वस्तूंपेक्षा बिनपाकिटाच्या वस्तूंचीच जास्त धास्ती वाटायला लागली.

कारण दमेकऱ्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचा प्रिझर्वेटिव्ह म्हणजे सल्फाइट, लेबलवर आयएनएस (म्हणजे खाण्यात घालायच्या पदार्थांचे ठरलेले नंबर) २२० ते २२८ मध्ये येणारे सगळे भाऊबंद. सगळ्याच दमेकऱ्यांना त्रास होतो असं नाही, शंभरातल्या साधारण तीन ते दहा जणांना होतो, पण ज्यांना होतो त्यांना श्वास लागतो, आणि दमा जितका जोरात तितका धोका जास्त. अमेरिकेत सॅलड ताजं दिसावं म्हणून त्यावर सल्फाइट मारायचे, त्यातून माणसं दगावली, तेव्हा १९८६ मध्ये कच्च्या फळं-भाज्यांवर त्याला बंदी आली. आपल्याकडे पॅकबंद वस्तूत किलोला १० मिलीग्रॅम किंवा त्याहून जास्त सल्फाइट असेल तर ॲलर्जीच्या यादीत तसं लिहावं लागतं. चांगला नियम आहे. पण सुटं विकतात त्याला लेबलच नाही ना!

मार्केट यार्डात जाऊन बघा. जर्दाळू दोन प्रकारचे दिसतात, एक नारिंगी, गुबगुबीत, फोटोत छान येणारा, आणि एक तपकिरी, सुरकुतलेला, कोणी ढुंकून न बघणारा. नारिंगी राहतो तो गंधकामुळे, म्हणजे याच सल्फाइटमुळे. बेदाण्याचं तेच, पिवळाधमक दिसावा म्हणून गंधकाची धुरी देतात, काळ्या मनुक्याला ते सोपस्कार लागत नाहीत. आणि गूळ! संक्रांतीच्या आधी लोक दुकानात उभे राहून ‘जरा पिवळा दाखवा की’ म्हणतात. उसाचा रस काहिलीत तासन् तास उकळल्यावर पिवळाधमक कसा राहील, साधा विचार करा. पूर्वी मळी काढायला भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालायचे, अजूनही काही गुऱ्हाळांत घालतात, पण रंग उजळायला ‘हायड्रोस’ पावडर पडते, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. तिचा अंश गुळात राहतो म्हणून तर गुळालाही सल्फर डायऑक्साइडची, म्हणजे याच गंधकाच्या अंशाची, मर्यादा ठरवून दिलीये, ७० पीपीएम, म्हणजे किलोला ७० मिलीग्रॅम. आता सुट्या ढेपेत ६० आहे का २६० हे तुम्ही-मी कुठे बघणार? आणि यात गुऱ्हाळवाल्याला तरी काय बोलायचं, काळपट गुळाला भाव मिळत नाही कारण पिवळा आपल्यालाच पाहिजे असतो. गंमत म्हणजे साखर केमिकलवाली म्हणून सोडलेली माणसं हाच गूळ डबाभर घरी नेतात आणि मुलांना दुधात घालून देतात.

आता दुसरी बाजू. कोथरूडला एका प्रदर्शनात एका स्टॉलवर आलं-लसूण पेस्टच्या बरण्या होत्या, वर तेलाचा जाड थर. मी विचारलं, ‘ताई, हे फ्रिजबाहेर किती टिकतं?’ म्हणाल्या, ‘आरामात तीन महिने.’ ‘व्हिनेगर किंवा लिंबू घातलंय का?’ ‘छे हो, काहीच नाही, फक्त तेल, मीठ, हळद. घरी खातो तेच.’ अगदी अभिमानाने सांगत होत्या, आणि मला घाम फुटला. लसूण जमिनीतला, मातीतले बोट्युलिझमचे जंतू त्याच्यासोबत येतात, आंबटपणा नाही, वर तेल म्हणजे हवा बंद, आणि बरणी ओट्यावर. त्या जंतूंना याहून चांगलं घर नाही. वास येत नाही, चव बदलत नाही, आणि विष असं की स्नायू लुळे पडतात, श्वास थांबतो. १९८५ मध्ये कॅनडात व्हँकूव्हरला एका रेस्टॉरंटमधल्या तेलातल्या लसणाने तिसाहून जास्त लोक असे आजारी पडले होते. त्या ताईंना मी जमेल तसं सांगितलं, त्या म्हणाल्या ‘आमच्याकडे वर्षानुवर्षं करतात, कुणाला काही झालं नाही.’ त्यांच्या घरी ती पेस्ट फ्रिजमध्ये राहते आणि आठ दिवसांत संपते हो, गिऱ्हाइकाच्या घरी तीन महिने ओट्यावर राहणार, फरक आहे. कारखान्यातल्या पेस्टमध्ये ॲसिड आणि प्रिझर्वेटिव्ह घालतात ते काही कुणाला मारायला नाही.

बुरशीबद्दल पण आपण फार बिनधास्त असतो. पावसाळ्यात ब्रेडच्या एका कडेला हिरवं दिसलं की तेवढं तोडून बाकीचा भाजायचा, दाणे जरा खवट लागले तर चटणीत ढकलायचे. १९७४ मध्ये राजस्थान आणि गुजरातच्या आदिवासी भागात बुरशी लागलेला मका खाऊन शंभराहून जास्त माणसं गेली, लिव्हर निकामी होऊन. अफ्लाटॉक्सिन. तेच विष शेंगदाण्यावरच्या बुरशीतही तयार होतं आणि नुसतं भाजून ते जात नाही. ब्रेडमधलं कॅल्शियम प्रोपिओनेट, आयएनएस २८२, हे बुरशी येऊ नये म्हणूनच असतं. मला तरी त्यापेक्षा हिरव्या ब्रेडची भीती जास्त वाटते.

मग प्रिझर्वेटिव्ह सगळे निरागस का, तर तसं पण नाही. सॉसेज, सलामी, हॅम हे रोज खाणाऱ्यांनी नक्की विचार करावा. २०१५ मध्ये आयएआरसीने, म्हणजे डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संशोधन संस्थेने, प्रक्रिया केलेलं मांस कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं, रोज ५० ग्रॅम खाल्लं तर आतड्याच्या कॅन्सरचा धोका साधारण १८ टक्क्यांनी वाढतो असा हिशोब आहे, आणि त्यात मांस टिकवायला घालतात त्या नायट्राइटचा हात असल्याचं मानतात. आता काही लोक लगेच म्हणतील तंबाखूपण त्याच गटात आहे, म्हणजे सलामी म्हणजे सिगरेट. नाही हो. पुरावा तितकाच पक्का आहे एवढाच त्या गटाचा अर्थ, धोका तेवढाच असा नाही.

आणि लहान मुलं. इथे मात्र मी पालकांच्या बाजूने आहे. १५ किलोच्या मुलाची बेंझोएटची मर्यादा जुन्या हिशोबाने ७५ मिलीग्रॅम. एका ग्लास मिल्कशेकमध्ये ५० मिली क्रश घातला आणि त्यात कायद्याने चालतं तेवढं बेंझोएट असेल तर ३५-४० मिलीग्रॅम तिथेच झालं. दोन ग्लास आणि वर केचप, की हद्दीपाशी आलात. २००७ मध्ये इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनला अभ्यास झाला, कृत्रिम रंग आणि बेंझोएट एकत्र दिल्यावर काही मुलांचा चळवळेपणा वाढलेला दिसला. दोष रंगाचा का बेंझोएटचा हे त्यातून वेगळं काढता येत नाही, युरोपने नंतर सहा रंगांवर इशारा छापायला लावला, बेंझोएटवर नाही. पण क्रशमध्ये निम्म्याहून जास्त साखरच असते हे कोणी का बोलत नाही? त्या एका ग्लासात ३० ग्रॅमच्या वर साखर आहे, ती ‘नो प्रिझर्वेटिव्ह’ क्रशमध्ये पण तेवढीच आहे, कधी कधी जास्त, कारण मग टिकवायचं काम तिलाच करायचंय.

तर घरगुती माल विकणाऱ्या तायांनो, रागावू नका, तुमच्याकडूनच घेते मी. फक्त बरणीवर ‘काय नाही’ याच्याऐवजी काय आहे ते लिहा. मीठ किती, साखर किती, कधी केलं, फ्रिजमध्ये ठेवायचं का बाहेर. मी ते वाचून घेईन.

आणि ग्रुपवरच्या कुणाला मार्केट यार्डात बिनहायड्रोसचा, काळपट, ओळखीच्या गुऱ्हाळाचा गूळ मिळत असेल तर कमेंटमध्ये दुकान सांगा, पाच किलो लागेल. इनबॉक्समध्ये ‘१०० टक्के नॅचरल’ आवळा कँडीचे फोटो पाठवू नका, कालपासून चार आलेत.