अमेरिका लढली खरी, पण कुणाच्या दारूगोळ्यावर?

ऑगस्ट जवळ आला की महाराष्ट्रातून व्हॉट्सॲपवर तोच वाद येऊन धडकतो: स्वातंत्र्य सत्याग्रहाने मिळालं की शस्त्राने? त्यात कुणीतरी अमेरिकेचा दाखला ठोकतंच. तेरा वसाहतींनी बंदुका उचलल्या, इंग्रजांना हाकललं आणि महासत्ता झाल्या; आपण अर्ज-विनंत्या करत बसलो. गंमत अशी की इथे अमेरिकेतही बंदूक बाळगण्याच्या हक्कावर भांडताना हेच चित्र पुढे करतात: दगडी कुंपणाआडून नेम धरणारा शेतकरी.

तो शेतकरी होता. १९ एप्रिल १७७५ ला त्याने इंग्रजी पलटणीला काँकर्डपासून बोस्टनच्या वेशीपर्यंत पिटाळलं. पण त्याआधी दहा वर्षं याच वसाहतींत बहिष्कार चालला होता. इंग्लंडचा माल घ्यायचा नाही, बायकांनी घरी सूत कातायचं, गावोगाव समित्या नेमून कोण चोरून माल विकतो ते पाहायचं. १७६६ मध्ये इंग्लंडला मुद्रांक कायदा (कागदपत्रांवरचा कर) मागे घ्यावा लागला तो याच दबावाने. म्हणजे चरखा तिथेही होता. आणि बंदूक उचलल्यावरही युद्ध आठ वर्षांहून जास्त चाललं.

ऑगस्ट १७७५ मध्ये बोस्टनला वेढा घालून बसलेल्या वसाहतींच्या सेनापतीने, वॉशिंग्टनने, बंदुकीच्या दारूची मोजदाद केली, तर माणशी जेमतेम नऊ बार निघाले. दारूत वजनाने साधारण ७५ भाग सोरा (पोटॅशियम नायट्रेट), १५ भाग कोळसा, १० भाग गंधक. कोळसा कुठेही पाडता येतो. घोडं अडतं सोऱ्यापाशी. तबेल्याखालची माती भिजवायची, ते पाणी लाकडाच्या राखेतून गाळायचं, आटवायचं आणि थंड होताना धरलेले स्फटिक वेचायचे. काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, ही रीत छापून वाटली. पण राख कमी पडली तर चुन्याचा अंश सोऱ्यात राहतो, तो हवेतली ओल ओढतो आणि अशी दारू फुसफुसते, गोळीला जोर देत नाही. पहिल्या अडीच वर्षांत वापरलेल्या दारूपैकी सुमारे ९० टक्के दारू एकतर बाहेरून आली किंवा बाहेरच्या सोऱ्यापासून बनली. १७७६ मध्ये फ्रान्सने दहा लाख लिव्र (तिथलं चलन) आणि स्पेनने तेवढेच घालून फ्रेंच नाटककार बोमार्शेच्या हातून एक दिखाऊ व्यापारी पेढी उघडली. ती बंदुका, तोफा, दारू पाठवायची. फ्रान्सशी तह-बिह व्हायला अजून दोन वर्षं होती. इंग्रजांना ही ददात नव्हती. त्यांचा सोरा बिहारमधून कंपनीच्या जहाजांत भरून येई.

दुसरा शत्रू देवी. १७७५-७६ च्या हिवाळ्यात कॅनडातल्या क्विबेकवर गेलेली अमेरिकन फौज तिने पोखरली. फेब्रुवारी १७७७ मध्ये वॉशिंग्टनने साऱ्या फौजेला देवी टोचायचं ठरवलं. जेनरची लस यायला अजून १९ वर्षं होती. फोडातला पू हातावर चिरा देऊन भरायचा आणि माणसाला काही आठवडे वेगळं ठेवायचं, कारण तेवढ्या काळात त्याच्यापासून इतरांना खरी देवी लागते. हे सगळं गुपचूप, नाहीतर अर्धी पलटण अंथरुणात असताना हल्ला व्हायचा. या युद्धात लढाईपेक्षा रोगाने जास्त माणसं मेली, म्हणून माझ्या मते हा निर्णय कुठल्याही एका लढाईइतकाच मोठा.

पैशाचं तर विचारूच नका. काँग्रेसला कर बसवायचा अधिकार नव्हता, म्हणून तिने सुमारे २४ कोटी डॉलरच्या नोटा छापल्या. मार्च १७८० मध्ये ४० कागदी डॉलरना एक चांदीचा, असा भाव काँग्रेसनेच मान्य केला. जानेवारी १७८१ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या पलटणी थकलेल्या पगारापायी बंड करून उठल्या.

त्याच वर्षी यॉर्कटाउनचा वेढा झाला; आत इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस होता. ५ सप्टेंबरला चेसापीक उपसागराच्या तोंडाशी आरमारप्रमुख द ग्रासच्या २४ फ्रेंच युद्धनौकांपुढे इंग्रजांच्या १९ होत्या. लढाई अनिर्णितच म्हणायची, पण इंग्रज आरमार न्यूयॉर्कला परतलं आणि कॉर्नवॉलिसची समुद्राकडची वाट मिटली. जमिनीवरही जवळजवळ निम्मी फौज फ्रेंच. इंग्रज तोफांना नेम मिळू नये म्हणून ६ ऑक्टोबरच्या अंधारात तटापासून सुमारे ६०० यार्डांवर पहिला खंदक खणला, ९ ला तोफा सुरू झाल्या, ११ ला त्याहून जवळ दुसरा खंदक. तो नदीपर्यंत न्यायला दोन मातीचे बुरूज आड येत होते. १४ च्या रात्री एक अमेरिकनांनी, एक फ्रेंचांनी घेतला. १९ ला सात हजारांहून अधिक माणसांनी शस्त्रं ठेवली. (हाच कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर-जनरल होऊन कलकत्त्याला आला आणि १७९२ मध्ये टिपूविरुद्ध हरिपंत फडक्यांच्या मराठी फौजेसोबत श्रीरंगपट्टणपुढे उभा होता.)

फ्रान्सला हे कर्ज पुढे राज्यासकट भोवलं. इंग्लंडच्या राजाशी निष्ठा ठेवणारे सुमारे ६० हजार लोक देश सोडून गेले. आणि मळ्यांवरच्या गुलामांपैकी हजारो जण इंग्रजांकडे पळाले, कारण १७७५ मध्ये स्वातंत्र्याचं वचन त्यांना व्हर्जिनियाच्या इंग्रज गव्हर्नरने दिलं होतं, वॉशिंग्टनने नव्हे. महासत्तेच्या दाखल्यात हे कुणी घालत नाही.

शस्त्र की सत्याग्रह यापेक्षा मला दुसरा प्रश्न कामाचा वाटतो: साम्राज्याचा एखादा बडा वैरी आपल्या बाजूने किती जहाजं घेऊन आला? १८५७ मध्ये एकही नाही. उलट चीनकडे निघालेल्या इंग्रज पलटणी वाटेतून इकडे वळल्या. पण त्याहून जवळचा दाखला अमेरिकन युद्धाच्याच वर्षांतला आहे. साराटोगाला ऑक्टोबर १७७७ मध्ये इंग्रज सेनापती बर्गॉइन अमेरिकनांना शरण आला आणि चार महिन्यांत फ्रान्सने अमेरिकेशी तह केला. इकडे पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात जानेवारी १७७९ मध्ये मुंबईकर इंग्रजांची सुमारे चार हजारांची फौज घाट चढून तळेगावपर्यंत आली. मराठ्यांनी गाव आधीच जाळून ठेवलं होतं, रसद तोडली, आणि वडगावला तह लिहून घेतला. पराक्रमात हे साराटोगापेक्षा कमी नाही. फ्रेंच वकील सँ ल्युबँ १७७७ मध्येच पुण्यात आला होता, पण त्याच्यामागे आरमार नव्हतं.

आणखी एक फरक. साराटोगाच्या करारात शरण आलेल्यांना मायदेशी जाऊ द्यायचं कबूल केलं होतं. काँग्रेसने शब्द फिरवला आणि त्यांना अडकवूनच ठेवलं. वडगावला मराठ्यांनी दोन ओलीस ठेवून घेतले आणि अख्खी फौज मुंबईला जाऊ दिली. तिथे पोहोचताच मुंबईने तह झिडकारला, कलकत्त्यानेही. बंगालमधून जमिनीने निघालेला इंग्रज सेनापती गोडार्ड सुरतेला पोहोचला आणि डिसेंबर १७८० मध्ये त्याने वसई घेतली. १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहात वसई परत मिळाली. साष्टी कंपनीकडेच राहिली.