'काय'वरून बोली ठरत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

क्रोएशियाच्या बोलींवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही तीन हरकती घेतल्या आहेत. 'काय' या अर्थाच्या शब्दावरून बोलींना नावं देणं हा पोरखेळ आहे. सर्बियन आणि क्रोएशियन मुळात एकच असल्याने 'क्रोएशियन बोली' हे नुसतं राजकारण आहे. आणि कुणी 'म्लेको' म्हणतो, कुणी 'म्लिको', हे खेड्यातलं ढिसाळ बोलणं, त्यात संशोधन ते काय करायचं? दोन ओळींत उत्तर देणं जमेना, म्हणून सविस्तर लिहितोय.

शेवटची हरकत आधी घेतो, कारण ती मला सगळ्यात खटकली.

जुन्या स्लाव्हिकमध्ये 'यात' नावाचा एक स्वर होता. पुढे त्याचं कुठे 'ए' झालं, कुठे 'इ', कुठे 'इये'. म्हणून दुधाला म्लेको, म्लिको आणि म्लियेको. यातलं तिसरं रूप आजच्या प्रमाण क्रोएशियनमधलं. इथवर सरळ आहे. गंमत आहे ती क्रोएशियाच्या किनाऱ्यावरच्या क्रक बेट आणि विनोदोलच्या बाजूच्या चाकावी बोलीत ('काय'ला 'चा' म्हणणारी ती चाकावी). तिथला माणूस 'लेतो' (उन्हाळा), 'मेस्तो' (जागा), 'तेलो' (शरीर) म्हणतो आणि त्याच दमात 'म्लिको', 'व्रिमे' (वेळ), 'दिते' (मूल) असंही म्हणतो. बाहेरच्याला वाटावं, मनाला येईल तसं चाललंय. 1925 मध्ये लेव याकुबिन्स्की या रशियन भाषाशास्त्रज्ञाने त्यामागचा नियम मांडला. पाठोपाठ मायर या जर्मन अभ्यासकानेही त्यावर लिहिलं, म्हणून नियमाला दोघांचं नाव आहे. 'यात'नंतर त, द, स, झ, न, ल, र यांपैकी व्यंजन आणि त्याच्या पुढे अ, ओ, उ यांपैकी स्वर आला, तर 'ए', एरवी 'इ'. आता ताडून बघा. 'लेतो'त त आणि त्यापुढे ओ, म्हणून ए. 'दिते'त तोच त, पण पुढे ए, म्हणून इ. 'म्लिको'त पुढे ओ आहे खरा, पण मधला क या यादीत बसत नाही, म्हणून पुन्हा इ. अपवाद आहेत, एकाच शब्दाची रूपं एकमेकांच्या वळणावर जातात, ते कुठल्या भाषेत होत नाही? पण हा नियम तिथल्या कोळ्या-शेतकऱ्यांना कुठल्याही मास्तरने शिकवला नव्हता. याला ढिसाळपणा म्हणायचं असेल तर शिस्त कशाला म्हणायचं ते तुम्हीच सांगा.

आणि 'खेडवळ' म्हणाल, तर विनोदोलचा 1288 चा कायदा याच चाकावीत लिहिलेला आहे. स्प्लिटच्या मार्को मारुलिचचं 1521 मध्ये व्हेनिसला छापलेलं महाकाव्यही चाकावीतच.

आता नावांबद्दल. श्टो, काइ आणि चा या शब्दांवरून श्टोकावी, काइकावी आणि चाकावी अशी नावं पडली, हे बरोबर. पण ती दारावरची पाटी झाली, आत कोण राहतं ते आत गेल्यावरच कळतं. इस्त्रिया द्वीपकल्पात बुझेतच्या आसपास लोक 'काइ' म्हणतात, तरी अभ्यासक त्यांची बोली चाकावीत धरतात. विस बेटावर कोमिझात तर 'चा'सुद्धा नाही, 'त्सा' आहे. (मराठी कानाला हा फरक वेगळा सांगायला नको: 'चार'मधला च आणि 'चाक'मधला च.) याच्या उलट प्रकार झाग्रेबच्या पश्चिमेला, सुत्ला नदीच्या खालच्या खोऱ्यात सापडतो. ऑटोमन स्वाऱ्यांच्या काळात दक्षिणेकडून पळून आलेली चाकावी कुटुंबं तिथे वसली. शेजाऱ्यांचा 'काइ' त्यांनी उचलला, पण 'यात'च्या जागी 'इ' म्हणायची आपली सवय सोडली नाही. शब्द उसना घेणं सोपं, स्वर बदलणं अवघड. म्हणूनच बोली ठरवताना स्वर, आघात, प्रत्यय असं सगळं एकत्र बघावं लागतं. पैकी आघाताचा अभ्यास हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, इथे त्यात शिरत नाही.

राहिलं राजकारण. इथे तुमचं निम्मं म्हणणं मला मान्य आहे. श्टोकावी सर्ब, बोस्नियाक आणि मॉन्टेनेग्रोचे लोकही बोलतात, आणि या सगळ्यांच्या प्रमाण भाषा तिच्यावरच उभ्या आहेत. काइकावी उत्तरेकडे स्लोव्हेनियनला जाऊन मिळते. नुसते ध्वनी आणि व्याकरण बघून कुणी 'क्रोएशियन' असं कुंपण घातलं नसतं. झाग्रेबचंच घ्या. शहर काइकावी मुलखात आहे, तिथे आजही 'मी करीन'ला 'बुम देलाल' ऐकू येतं. क्रोएशियन राष्ट्रीय चळवळीचा पुढारी ल्युदेवित गाय स्वतः झाग्रेबच्या उत्तरेकडच्या क्रापिनाचा, म्हणजे पक्का काइकावी. त्याने 1835 मध्ये 'दानित्सा' नियतकालिक काढलं ते काइकावीत, आणि पुढच्याच वर्षी ते श्टोकावीवर नेलं. दक्षिण स्लाव्हांना एकत्र आणायचं होतं, आणि त्यासाठी जास्तीत जास्त लोकांना कळेल अशी भाषा हवी होती. राजकारण होतं ते असं.

पण त्यावरून 'सगळं एकच' हा तुमचा निष्कर्ष निघत नाही. एकसारख्या आहेत त्या प्रमाण भाषा. कोमिझातले दोन कोळी आपसात बोलू लागले तर बेलग्रेडच्या माणसाला ते धड कळणार नाही, आणि झाग्रेबच्या माणसालाही नाही. शिवाय बोलींचे हे फरक राष्ट्रवादापेक्षा कितीतरी जुने आहेत. इटलीच्या मोलिझे भागात अशीच स्लाव्हिक बोली बोलणारी तीन गावं आहेत. त्यांचे पूर्वज सुमारे पाचशे वर्षांपूर्वी एड्रियाटिक समुद्र ओलांडून तिथे गेले. इटालियनच्या शेजाराने त्यांच्या बोलीतली नपुंसकलिंगी नामं गेली, इटालियन शब्द तर ढिगाने आले. पण 'यात'चा त्यांच्याकडे आजही 'इ'च होतो, आणि तो घेऊन ते निघाले तेव्हा गायचा जन्म व्हायला जवळपास तीनशे वर्षं बाकी होती.