इराणी क्रांती "धर्मापायी" झाली म्हणणाऱ्या पोस्टला उत्तर

तेहरानच्या रस्त्यावर स्कर्ट घातलेल्या मुलींचा सत्तरच्या दशकातला फोटो आणि खाली "इराण मॉडर्न होता, सुखात होता, मुल्लांनी भडकवलं आणि धर्मापायी लोकांनी स्वतःचंच वाटोळं केलं", अशी पोस्ट परत फिरायला लागलीये. तसे कपडे तिथे घातले जायचे हे खरंय, पण 1979 च्या क्रांतीची कारणं साफ चुकीची सांगितलीयेत, आणि हे वाचून लोक तेव्हाच्या राजाला, म्हणजे शाहला, देवमाणूस समजतात म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"मॉडर्न होता." कोणासाठी? 1976 च्या जनगणनेत निम्म्याहून जास्त लोक निरक्षर होते. खेड्यात जमीन पुरेना म्हणून शहरात आलेले लोक दक्षिण तेहरानच्या झोपड्यांत राहायचे आणि 1977 मध्ये अशा वस्त्या पाडायला बुलडोझर आले. बायकांना 1963 मध्ये मताचा हक्क मिळाला, ते चांगलंच झालं, पण 1975 मध्ये शाहने बाकी पक्ष बंद करून रस्ताखीझ हा एकच पक्ष ठेवला, ज्यांना पटत नाही त्यांनी पासपोर्ट घ्यावा आणि देश सोडावा असं तो स्वतः म्हणाला, मग त्या मताचा उपयोग काय?

"सुखात होता." 1973-74 ला तेलाचे भाव चौपट झाले, पैसा धो धो आला आणि त्याच्या मागोमाग महागाई आली, घरभाडी आवाक्याबाहेर गेली. शाहने खापर फोडलं बाजारातल्या व्यापाऱ्यांवर. पक्षाने विद्यार्थ्यांची पथकं दुकानादुकानात भाव तपासायला पाठवली, दंड, दुकानांना कुलपं, हजारो व्यापारी तुरुंगात. ज्या वर्गाला राजकारणाशी फारसं घेणंदेणं नव्हतं तो असा अंगावर ओढवून घेतला, आणि 1978 मध्ये ह्याच बाजाराने दुकानं बंद ठेवली, संपकऱ्यांना पैसा पुरवला.

"धर्मासाठी उठले." हा मुद्दा नीट बघायला हवा. 1977 मध्ये पहिली उघड पत्रं लिहिली ती वकील आणि लेखकांनी, ऑक्टोबरमध्ये तेहरानला दहा रात्री कवितावाचन झालं तेव्हा सेन्सॉरशिपविरुद्ध ऐकायला हजारो लोक जमले. पुढे सत्तेवर आलेले धर्मगुरू खोमेनी तेव्हा देशात नव्हतेच, 1964 पासून हद्दपार होते. मग मशीद पुढे कशी आली? कारण बाकी सगळी दारं बंद होती. निवडणुकीच्या राजकारणातून पंतप्रधान झालेले मोसादेघ 1953 मध्ये अमेरिका-ब्रिटनच्या मदतीने हटवले गेले, पेपरवर सेन्सॉर, वर सावाक ही गुप्त पोलिस यंत्रणा. मशिदींना मात्र सरसकट टाळं ठोकता येत नव्हतं. जानेवारी 1978 मध्ये कोम शहरात निदर्शकांवर गोळीबार झाला, मेलेल्यांच्या शोकाच्या चाळिसाव्या दिवशी तब्रीझ शहर पेटलं, तिथल्या मेलेल्यांचा चाळिसावा आला की आणखी शहरं.

पण नुसत्या मोर्च्यांनी शाह पडला नाही, त्याचं कंबरडं मोडलं तेल कामगारांच्या संपाने, डिसेंबर 1978 अखेर तेलाची निर्यात थांबलीच होती. अहवाजच्या तेल कर्मचाऱ्यांच्या मागण्या बघा: मार्शल लॉ (लष्करी अंमल) उठवा, राजकीय कैदी सोडा, सावाक बरखास्त करा, भ्रष्ट मंत्र्यांना शिक्षा करा, आणि चक्क बायकांशी होणारा भेदभाव थांबवा. ह्यात धर्मराज्य कुठे आहे सांगा.

"हे सगळं कार्टरने घडवलं" असंही कमेंटमध्ये असतं. कार्टर म्हणजे तेव्हाचा अमेरिकेचा अध्यक्ष, त्याने तर 31 डिसेंबर 1977 ला तेहरानमध्येच शाहच्या इराणला स्थैर्याचं बेट म्हटलं होतं.

आता नंतर जे झालं ते भयंकर होतं, विरोधकांना फाशी दिली गेली, हिजाबची सक्ती आली, त्यावर माझं दुमत नाही. पण एखाद्याने नंतर सत्ता बळकावली म्हणून लोक त्याच्याचसाठी उठले होते असं होत नाही. शाहची राजवट पडून महिना व्हायच्या आत, 8 मार्च 1979 ला, तेहरानमध्ये हजारो बायका हिजाबसक्तीविरुद्ध रस्त्यावर होत्या आणि घोषणा देत होत्या की आम्ही मागे जायला क्रांती केलेली नाही.