बरणीतला कचरा आणि बरणीबाहेरचा

एक मेसेज फिरून फिरून येतो. सोबत काचेच्या बरणीचा फोटो, आत चिमूटभर प्लास्टिक. चौघांच्या घरातला हा म्हणे महिन्याचा कचरा. खाली मजकूर: मोठं कुटुंब म्हणजे जास्त कचरा, गरिबाघरी काही वाया जात नाही, सगळी घाण श्रीमंतांची, ही बरणी ज्याला जमत नाही त्याची इच्छाच नाही, थोडक्यात, कचरा सवयीने होतो, परिस्थितीने नाही. आता मला तो पाठ झालाय, म्हणून एकदाच उत्तर देऊन टाकते.

मोठ्या कुटुंबाचं लवकर आटपतं. बादली मोठी दिसते, खरंय. पण माणशी भागून बघा. पालेभाजीची जुडी एकट्याला तेवढीच मिळते जेवढी पाचजणांना. पाचजणांत ती एका जेवणात संपते. एकट्याकडे अर्धी उरते आणि चौथ्या दिवशी पिवळी पडून बादलीत जाते. टूथपेस्टचं खोकं, तेलाचा डबा, वर्तमानपत्र यांचंही तसंच: घराला एक, माणशी एक नव्हे. त्यामुळे माणशी कचरा साधारणपणे एकट्या राहणाऱ्यांचा जास्त भरतो आणि घरातली माणसं वाढली की उतरतो.

गरीब-श्रीमंताच्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, म्हणूनच तो चिवट आहे. जागतिक बँकेच्या २०१८ च्या अहवालानुसार श्रीमंत देशांत जगाची १६ टक्के माणसं राहतात, पण ३४ टक्के कचरा तिथला असतो. इथपर्यंत मेसेज बरोबर. मात्र वाया जाणाऱ्या अन्नाकडे बघितलं की गणित बिघडतं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालात घराघरांतून वाया गेलेलं अन्न माणशी वर्षाला सरासरी ७९ किलो आहे, आणि उच्च, उच्च-मध्यम व निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांच्या सरासरीत फरक आहे जेमतेम ७ किलोंचा. (या देशांच्या सरासऱ्या आहेत, एकेका घराच्या नाहीत, हेही सांगायला हवं.) ज्या घरात फ्रिज नाही किंवा वीज टिकत नाही, तिथे दूध नासायला घरातल्यांची उधळी वृत्ती लागत नाही, ऊन पुरतं.

वेष्टनाचं तर उलटंच होतं. ज्याच्या हातात आजचेच पैसे आहेत, तो शाम्पूची बाटली घेत नाही, पुडी घेतो. १० सेंटिमीटर बाजूचं चौकोनी खोकं घ्या. त्यात लिटरभर माल मावतो आणि त्याला बाहेरून ६०० चौरस सेंटिमीटर वेष्टन लागतं. तोच लिटर ५ सेंटिमीटरच्या आठ खोक्यांत भरला की वेष्टन १२०० होतं. माल तेवढाच, वेष्टन दुप्पट. शिवाय रिकामी बाटली दहा कामांना येते. फाडलेल्या पुडीचं काय करणार?

आता ती बरणी. अमेरिकेतल्या ॲरिझोना विद्यापीठात विल्यम रथजे या पुरातत्त्वज्ञाने १९७३ पासून घरांचा कचरा उपसून, वर्गवारी करून, मोजायला सुरुवात केली. पुढे घरातल्यांनी सांगितलेलं आणि बादलीत सापडलेलं ताडून पाहिलं, तर मेळ बसेना. दारू किती पितो हे लोक कमी सांगायचे. बादलीतल्या रिकाम्या बाटल्या मात्र जास्त सांगायच्या. फोटोतली बरणी म्हणजे आपणच आपल्याबद्दल दिलेली साक्ष. तिच्यात अंगणातल्या खतखड्ड्यात गेलेलं ओलं दिसत नाही, भंगारात दिलेले डबे दिसत नाहीत, बाहेर जेवलेल्याचं उष्टंही नाही. अंगण, डबे साठवायला कोपरा, सुटा माल शोधत हिंडायला वेळ, हे सगळं असेल तर इच्छेला काही अर्थ. एका खोलीत सहाजण झोपतात तिथे दुसरी बादली कुठे ठेवायची, तेवढं सांगा.

सवयींचा वाटा मी नाकारत नाही. रथजेंच्याच लोकांनी पाहिलं की रोज तेच ते जिन्नस वापरणाऱ्या घरात अन्न कमी फुकट जातं. पण त्यांनीच हेही पाहिलं की १९७३ मध्ये तिथे गोमांसाची टंचाई झाली, तेव्हा ते कमी नव्हे, जास्त वाया गेलं. मिळेल तेव्हा लोकांनी भरून ठेवलं, सवयीचे नसलेले तुकडेही आणले. म्हणजे परिस्थिती हलली तशी सवयही हलली.

आणि काही घरांत सवयीला जागाच नसते. डायपर वापरणारं बाळ असेल तर दिवसाला सहा-सात डायपर ठरलेले. आमच्याकडे वडिलांचं पोटाचं डायलिसिस (पोटात द्राव सोडून रक्त साफ करायचं) घरीच चालायचं, दिवसातून चार वेळा. दर वेळी दोन लिटर द्रावाची एक पिशवी, पोटातलं पाणी उतरवून घ्यायची दुसरी, दोघींना जोडणारी नळी, बाहेरचं जाड प्लास्टिक, नळीच्या तोंडाचं नवं टोपण. जंतू जाऊ नयेत म्हणून यातलं काहीच पुन्हा वापरायचं नाही. पुठ्ठ्याची खोकी वेगळीच. शेजारच्या काकूंनी एकदा जिन्यात सहज विचारलं, “तुमच्याकडे एवढा कचरा कसा गं निघतो?” वडील गेले त्याच्या पुढच्या आठवड्यात आमची बादली अर्धीसुद्धा भरली नाही. घरात आम्ही तेच, भाजी निवडणारे हात तेच.