घसा चौथ्या दिवशीही दुखतोय म्हणून उरलेल्या गोळ्या शोधू नका

परवा मावशीला फोन केला तर आवाज पार बसलेला. घसा चार दिवस दुखतोय म्हणाली, आणि लगेच पुढे, "पण तू काळजी करू नकोस, मी औषध सुरू केलंय." कुठलं औषध? मागच्या आजारपणातल्या अँटिबायोटिकच्या चार गोळ्या कपाटात उरल्या होत्या, त्या. कोणी सांगितलं? ग्रुपवरच्या मेसेजने. तो मेसेज मीही वाचला होता आणि काही न बोलता सोडून दिला होता. दुसऱ्या दिवशी कळलं की त्याच गोळ्यांतली अर्धी तिने आठ वर्षांच्या नातवालाही दिली, कारण त्याचाही घसा खवखवत होता. मग मात्र गप्प बसवेना.

मेसेज थोडक्यात असा: घशाचं साधं दुखणं 3 दिवसांत जातं. चौथ्या दिवशीही दुखलं तर बॅक्टेरिया नक्की. पांढरे ठिपके दिसले तर खात्रीच. घरात असेल ते अँटिबायोटिक 3 दिवस घ्या, बरं वाटलं की थांबवा, उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी ठेवा. मिठाच्या गरम पाण्याने गुळण्या केल्या की विषाणू फुप्फुसात उतरण्याआधीच मरतो. थंड काहीही घेऊ नका.

आधी तो 3 दिवसांचा आकडा. तो चूक आहे. घसा बहुतेक वेळा सर्दीच्याच विषाणूंमुळे दुखतो (अँटिबायोटिक बॅक्टेरियावर चालतं, विषाणूंवर नाही) आणि पूर्ण थांबायला साधारण आठवडा घेतो. कोक्रेन या संस्थेने 2013 मध्ये घसादुखी आणि अँटिबायोटिक यांवरच्या 27 चाचण्या एकत्र तपासल्या, एकूण 12,835 रुग्णांच्या. ज्यांना अँटिबायोटिक दिलंच नव्हतं, त्यांच्यातले 82 टक्के लोक आठवड्याभरात बरे झाले होते. आणि ज्यांना दिलं, त्यांचा त्रास सरासरी किती कमी झाला? सुमारे 16 तासांनी. एक दिवससुद्धा नाही.

म्हणजे चौथा दिवस हा आजाराचा मध्य आहे. मेसेज लोकांना पटतो तो नेमका याचमुळे. त्रास अगदी असह्य होतो तेव्हा माणूस गोळी घेतो, आणि तेवढ्यात घसा आपसूक उतरणीला लागलेला असतो. सहाव्या दिवशी बरं वाटतं, श्रेय गोळीला जातं, आणि तोच माणूस मेसेज पुढे पाठवतो.

आता ज्या ओळीने माझं डोकं फिरलं ती: "बरं वाटलं की थांबवा, उरलेल्या ठेवा." पेनिसिलिन हे अँटिबायोटिक शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1945 सालच्या नोबेल व्याख्यानात एक काल्पनिक गोष्ट सांगितली होती. एका माणसाचा घसा दुखतो. तो स्वतःच पेनिसिलिन आणून घेतो, पण कमी घेतो. घसा दुखवणारे स्ट्रेप्टोकोकस नावाचे बॅक्टेरिया मरावेत एवढं ते नसतं, पण औषधाला दाद न देण्याचं शिक्षण त्यांना मिळावं एवढं असतं. मग ते जंतू त्याच्या बायकोला लागतात, तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन लागू पडत नाही आणि ती मरते. दोष कोणाचा, असं विचारून फ्लेमिंग यांनी उत्तरही दिलं: नवऱ्याचा. औषध नवं होतं तेव्हाच त्याच्या शोधकाला धोका दिसला होता, आणि उदाहरण म्हणून त्याने दुखरा घसाच निवडला होता.

एक गोष्ट मान्य करायला हवी. घशातला तो विशिष्ट स्ट्रेप्टोकोकस पेनिसिलिनला आजही दाद देतो. पण गोळी फक्त त्याच्यापर्यंत पोचत नाही. आपल्या तोंडात, आतड्यांत, त्वचेवर असलेले बाकीचे असंख्य जंतूही तीच गोळी अनुभवतात, आणि त्यांतल्या अनेकांनी प्रतिकार शिकून घेतला आहे. शिवाय 3 दिवसांची पट्टी म्हणून लोक ज्या अझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिककडे धावतात, त्याला खुद्द या स्ट्रेप्टोकोकसनेही बऱ्याच ठिकाणी प्रतिकार मिळवला आहे. हे औषध शेवटच्या गोळीनंतरही कित्येक दिवस शरीरात थोड्या प्रमाणात रेंगाळतं. म्हणजे जंतूंना लांबलचक शिकवणीच.

आणि मुलाला अर्धी गोळी? मुलांचा डोस वजनावर ठरतो. मोठ्यांच्या गोळीचे दोन तुकडे केले की मुलाचा डोस होत नाही. नातवाला दोन दिवस जुलाब झाले. अँटिबायोटिकचा हा नेहमीचा त्रास आहे, आणि तो पोराने घशाला काहीही फायदा नसताना सोसला असण्याचीच शक्यता जास्त.

पांढऱ्या ठिपक्यांचं म्हणाल तर ते विषाणूंमुळेही येतात. एप्स्टाइन-बार विषाणूच्या आजारात टॉन्सिलवर चांगला जाड पांढरा थर येतो, आणि त्यात अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक घेतलं तर अनेकांच्या अंगभर पुरळ उठतं. डॉक्टर नुसते ठिपके बघत नाहीत. ताप, मानेतल्या पुढच्या गाठी दुखणं, टॉन्सिलवर थर आणि खोकला नसणं अशी चार लक्षणं बघतात. चारही असली तरी स्ट्रेप्टोकोकस जेमतेम निम्म्यांत सापडतो, म्हणून घशातला नमुना तपासतात.

मेसेजमध्ये अर्धं सत्य आहे ते एवढंच, की काही घसे खरोखरच स्ट्रेप्टोकोकसमुळे दुखतात: मोठ्यांत साधारण दहात एक, मुलांत दहात तीन. त्यांना अँटिबायोटिक द्यावंच लागतं, कारण काही मुलांत पुढे संधिवाताचा ताप येतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडतात. पण त्यासाठीही घाबरून कपाट उघडायची गरज नाही. घसा दुखू लागल्यापासून 9 दिवसांच्या आत योग्य औषध सुरू झालं तरी हा धोका टळतो. तपासून घ्यायला तेवढा वेळ पुरतो.

गुळण्यांनी विषाणू मरतो हे वाक्य 2020 मध्ये करोनाच्या नावाने फिरलं होतं, आता नाव बदलून परत आलंय. विषाणू पेशींच्या आत असतो. गुळणीचं पाणी तिथे पोचत नाही. आराम मात्र पडतो, तेव्हा ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून मोठ्यांनी जरूर गुळण्या कराव्यात. थंड वर्ज्य हेही निराधार. बर्फाचा तुकडा चोखला तर घसा थोडा बधिर होऊन बरं वाटतं. फक्त लहान मुलांना तो देऊ नये, अडकू शकतो.

मावशीला मी सांगितलं ते असं. दुखणं फार असेल तर पॅरासिटामॉल घे, पाकिटावर लिहिलंय तेवढंच. पाणी पीत राहा, मऊ खा, आवाजाला विश्रांती दे. चमचाभर मध चालेल, पण वर्षाच्या आतल्या बाळाला मध कधीच नाही. मुलांना ॲस्पिरिन नाही. आठवड्यात उतार पडला नाही तर डॉक्टरकडे जायचं. आणि थुंकी गिळता येत नाही, लाळ गळते, तोंड उघडत नाही, आवाज तोंडात काही धरल्यासारखा येतो, श्वास घेताना आवाज होतो, यांतलं एक जरी दिसलं तरी आठवडा मोजत बसायचं नाही, त्याच तासाला निघायचं.