पोर्टफोलिओचं ॲप निवडण्याआधी

समग्र प्रगतीपत्रकाचा विषय निघाला की सातारा जिल्ह्यात झेडपीच्या शाळेत शिकवणाऱ्या माझ्या वहिनी वैतागतात. "फोटो काढू की शिकवू?" हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. पुण्यातल्या मैत्रिणींच्या गप्पा मात्र वेगळ्याच. कुणाच्या शाळेने कोणतं ॲप घेतलं, कशात व्हिडिओ टाकता येतो, कशाचं रूप छान दिसतं. मी ऑकलंडमध्ये राहते, मुलगी इथल्या प्राथमिक शाळेत जाते. दोन्हीकडचं ऐकून मला ठामपणे वाटतं की मुलांच्या डिजिटल पोर्टफोलिओची, म्हणजे त्यांच्या कामाच्या संग्रहाची, चर्चा आपल्याकडे ॲपपासून सुरू होते, तिथेच गाडी चुकते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातली मूळ कल्पना चांगली आहे. समग्र प्रगतीपत्रकात शिक्षकांबरोबर मुलाने स्वतःबद्दल लिहावं, वर्गमित्रांनीही लिहावं. मुलाच्या कामाचा संग्रह असल्याशिवाय ते लिहिणार कशाच्या आधारावर? म्हणून पोर्टफोलिओ हवाच. पण तो मुलाने भरायचा आहे.

हे कसं दिसतं ते सांगते. मुलीने ८४ भागिले ६ हे गणित चौकोन काढून सोडवलं, टॅबवर त्याचा फोटो काढला आणि त्यावर स्वतःच्या आवाजात समजावून सांगितलं. आधी ती "बारा" म्हणते, मग थांबते, चौकोन पुन्हा मोजते आणि "नाही, चौदा" म्हणते. ते थांबणं मला कुठल्याही गुणपत्रिकेत दिसलं नसतं. कराडच्या आजीला कळावं म्हणून तिने तेच पुन्हा मराठीत सांगितलं. सीसॉसारखी ॲप्स लहान मुलांना यासाठी सोयीची पडतात. क्यूआर कोड स्कॅन करून आत जाता येतं, टाइप करावं लागत नाही, आणि शिक्षकांनी मान्य केल्यावरच काम घरच्यांना दिसतं.

मोठ्या मुलांसाठी याच देशात, न्यूझीलंडमध्ये, २००६ मध्ये माहारा हे पोर्टफोलिओचं सॉफ्टवेअर सुरू झालं. मुक्त स्रोत म्हणून, म्हणजे मूळ कोड खुला ठेवून, ते आलं. कोणतं पान कुणाला दाखवायचं हे विद्यार्थी ठरवतो आणि सगळं काम फाइलच्या रूपात बाहेर काढू शकतो. पण त्याला सर्व्हर लागतो, तो सांभाळणारा माणूस लागतो. विद्यापीठाला हे जमेल, दोनशिक्षकी शाळेने त्याच्या वाटेला जाऊ नये.

इथे सगळं आलबेल आहे असं मात्र समजू नका. सत्र संपत आलं की इथेही शिक्षकांनी काढलेल्या हसऱ्या फोटोंचा पूर येतो आणि आम्ही पालक त्यावर बदाम टाकून मोकळे होतो. त्यात मुलाचा शब्द नसतो. आपल्याकडे प्रगतीपत्रकातल्या वर्णनात्मक नोंदींचं हेच झालं. ‘वर्गकार्यात उत्साहाने सहभाग घेतो’ अशा तयार वाक्यांच्या पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरतात आणि चाळीस मुलांच्या नावापुढे आळीपाळीने उतरतात. मी वहिनींना दोष देणार नाही. ज्याला एकच माहिती तीन ठिकाणी भरायची आहे, तो आणखी काय करणार? महागडं ॲप आणलं तरी याच नोंदी त्यात जातील.

म्हणून ॲप निवडताना त्यातून काम बाहेर कसं काढता येईल हे मी आधी बघेन. गूगलचा जॅमबोर्ड हा डिजिटल फळा ३१ डिसेंबर २०२४ ला बंद झाला. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने मुलांनी छोटे व्हिडिओ टाकायचं फ्लिप हे स्वतंत्र ॲपही बंद केलं. दोन्ही वर्गावर्गांत वापरात होती. शाळेने दिलेलं गूगल खातं शाळा सोडल्यावर बंद होतं आणि वेळेत काढून घेतलं नाही तर त्यात पोर्टफोलिओ म्हणून बनवलेली साइटही जाते. चौथीनंतर गाव बदलणाऱ्या मुलाला आपलं काम बरोबर नेता आलं पाहिजे.

दुसरी गोष्ट फोनची. २०२० मध्ये ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ उपक्रमातल्या लिंक रोज यायच्या, पण घरातला एकमेव फोन बाबांबरोबर कामावर गेलेला असायचा. रात्री पाठवलेला वहीचा फोटो ग्रुपवरच्या गुड मॉर्निंगखाली गडप. त्या फोनवर जे चालत नाही, ते त्या मुलापुरतं नाहीच. आणि संमती: २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठराखालच्या मुलाच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे, तरी नाव-वर्गासकट मुलांचे फोटो फेसबुकवर सर्रास झळकतात. हे थांबायला हवं.

माझं मत विचाराल तर झेडपीच्या शाळेत प्रत्येक मुलाच्या नावाची कागदी फाइल आणि गूगल ड्राइव्हवर एक फोल्डर पुरे. सत्राला तीनच कामं, मुलाने निवडलेली, आणि हेच का निवडलं हे त्याच्याच आवाजात अर्ध्या मिनिटात. हे रेकॉर्डिंग शाळेतल्या फोनवर वर्गातच व्हावं, घरच्या फोनवर भिस्त नको. शिक्षण विभागाने उद्या एखादं ॲप ठरवलंच, तर शासन निर्णयात दोन गोष्टी स्पष्ट लिहाव्यात: शाळा सोडताना मुलाला त्याचं सगळं काम कसं मिळेल, आणि या नव्या नोंदीच्या बदल्यात शिक्षकांची कोणती जुनी नोंद त्याच दिवसापासून बंद होईल.