‘गोवर येऊन जाऊ द्या’ म्हणणाऱ्यांना

नातेवाइकांच्या ग्रुपवर पुन्हा तोच मजकूर फिरतोय: ‘आमच्या लहानपणी सगळ्यांनाच गोवर यायचा, कुणाला काही झालं नाही. उलट अंगातली उष्णता बाहेर पडून पोर काटक होतं. लस घेतलेल्यांनाही गोवर येतोच. आणि औषध देऊ नका, गोवर आत दबतो.’

‘कुणाला काही झालं नाही’ असं जे वाचले तेच सांगताहेत. १९६३ साली लस येण्याआधी जगात गोवराने वर्षाला अंदाजे २६ लाख माणसं मरत. इतकं मागे जायचीही गरज नाही. कोविडकाळात अनेक बाळांच्या लसी राहून गेल्या आणि २०२२च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी, मालेगावात साथ उसळली. त्यात लहान मुलं दगावली.

‘पोर काटक होतं’ हा दावा सगळ्यात घातक, कारण घडतं नेमकं उलटं. गोवर एकदा झाला की सहसा पुन्हा होत नाही, एवढंच त्यात खरं. पण हा विषाणू रोगप्रतिकाराची आठवण जपणाऱ्या पेशींनाच मारतो. लस न घेतलेल्या मुलांचं रक्त गोवराआधी आणि नंतर तपासलं, तेव्हा इतर रोगांविरुद्धची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडं नाहीशी झालेली दिसली. हा अभ्यास २०१९मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे पुरळ मावळतं, घरचे निर्धास्त होतात आणि पुढचे कित्येक महिने ते मूल न्यूमोनिया, जुलाबांसमोर उघडं पडलेलं असतं.

लस घेऊनही गोवर होतो? होतो, क्वचित. नवव्या महिन्यातल्या एका डोसने साधारण ८५ टक्के मुलांना संरक्षण मिळतं, दोन डोसांनी ९५ टक्क्यांच्या वर. १६ ते २४ महिन्यांमधला दुसरा डोसच घरोघरी विसरला जातो. शिवाय रोगी खोलीतून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहतो. लशीचं वय न झालेलं शेजारचं तान्हं बाळ तुमच्या मुलाच्या डोसावरच अवलंबून असतं.

राहिलं ‘आत दबतो’. गोवर दबत नाही, उपचार मात्र लांबतात. ‘अ’ जीवनसत्त्वाचे वयानुसार दोन डोस सलग दोन दिवस दिले की मृत्यूचा आणि डोळे जाण्याचा धोका कमी होतो. ताप, पुरळ आणि लाल डोळे दिसले की त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्या. आशाताईंना कळवा, म्हणजे आसपासची राहिलेली मुलंही शोधता येतील.